आत्याची एकुलती एक तबकडी

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला भंगारात आत्याची तबकडी सापडली. आत्या लोकगीतं गायची. गावाबाहेर तिला कुत्रंही विचारत नव्हतं. त्याच्या जन्माआधीच ती गेली होती.

दुपारी दुकानाचं शटर आतून ओढून त्यानं तबकडी लावली आणि खुशीत टाळ्यांनी ठेका धरला. एक टाळी चुकली.

गाणं थांबलं. "चुकलास रे, बाळा. पुन्हा धर."

त्यानं झटकन सुई उचलली. मग स्वतःशीच हसला; साथीदाराला म्हणाली असेल! खात्रीसाठी त्यानं तबकडी पहिल्यापासून लावली आणि हात मांडीखाली दाबून बसला.

आत्या त्याच जागी थांबली.

"रुसलास होय? राहू दे. तुझ्या मागे बसलाय, तो धरेल."

गाणं सुरू झालं. त्याच्या मानेमागे टाळी वाजली, अगदी ठेक्यात.