फुकटचा सल्ला

"वायसर म्हणजे ती रबराची चकती ना?" धाकटीने विचारलं आणि दुकानातला सगळा बाक हसला.

बाकावर दोघंच होते, रिटायर पोस्टमास्तर आणि शेजारचा शिंपी. पण हसायला लागले की चौघांचा आवाज. हार्डवेअरच्या या दुकानात ते कधी खिळासुद्धा घेत नसत. शेठचे विनोद ऐकायला येत.

"चकती म्हणा, चंद्र म्हणा," शेठ गल्ल्यावरून म्हणाला. "घरात पुरुषमाणूस नाही का कुणी, ताईसाहेब?"

"नाही. मी आणि आई."

"मग वायसरच्या भानगडीत पडूच नका. नळ गळतो म्हणजे सैल झालाय. हा मोठा पाना न्या आणि अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून पिळा. गळायचं नाव घेणार नाही."

शिंप्याने तोंडात रुमाल कोंबला. धाकटीने पाना घेतला, आभार मानले आणि ती गेली.

नळाचं दुखणं जुनंच. घर भाड्याचं. मालक कोण हे दलाल सांगत नसे. "मोठी असामी आहे, त्यांना त्रास द्यायचा नाही," एवढंच. न्हाणीतला नळ गळतोय, फरशीवर शेवाळ धरलंय, असे निरोप धाडून धाडून धाकटी थकली. उत्तर एकच यायचं, किरकोळ दुरुस्ती भाडेकरूनं करावी. शेवटी त्याच शेवाळावर आई घसरली आणि खुबा मोडून बसली. आता ती थोरल्या मुलीकडे पलंगावर पडून होती. कूस बदलली की कण्हायची आणि म्हणायची, "मला घरी ने गं."

"न्हाणी कोरडी झाल्याशिवाय नाही," धाकटी म्हणायची. मग मालकाच्या नावानं चुकून घरी आलेलं घरपट्टीचं बिल घडी करून पर्समध्ये ठेवत, आवाज खाली आणून, "आणि त्या मालकाचं थोबाड बघायचंय मला."

"बघून काय करणारेस?" थोरली विचारायची. "तू तर मुंगी चावली तरी तिची माफी मागणारी."

दुसऱ्या दिवशी धाकटी दुकानात आली ती नखशिखांत भिजून.

"शेठ, नळ गळायचा थांबला."

"बघा. मी म्हटलं नव्हतं?"

"भिंतीतून उपटूनच आला. आता धबधबा आहे."

बाक कोसळायचा तेवढा राहिला. पोस्टमास्तरांचा चष्मा नाकावरून मांडीत पडला.

"हां, मग घोळ भिंतीत आहे," शेठ डोळे पुसत म्हणाला. "छिन्नी-हातोडा न्या. फोडत जा. पाइपाचं मूळ सापडेपर्यंत थांबायचं नाही."

मूळ सापडलं. तोवर न्हाणीच्या तीन भिंतींवर एकही फरशी उरली नव्हती, आणि चौथीतून स्वयंपाकघर दिसत होतं.

मग नेमच पडला. धाकटी केसांत सिमेंट घेऊन यायची, खालच्या मानेनं काय झालं ते सांगायची, आणि शेठ पुढचा सल्ला द्यायचा. फुगून अडकलेल्या पुढच्या दाराला म्हणाला, "रंधा मारा, हात आखडू नका." तिने आखडला नाही. दार लावलेलं असतानाही त्याच्या फटीतून मांजर जाऊ लागलं, आणि मांजर लठ्ठ होतं. शेवटी ते दार बिजागरीतूनच निखळलं. तुंबलेल्या मोरीला म्हणाला, "ॲसिडची अख्खी बाटली उलटी करा." तुंबलेलं मोकळं झालं, पाइपही मोकळा झाला. ओल आलेल्या छताला म्हणाला, "काठीनं ठोकून बघा. पोकळ लागेल तिथं आणखी ठोका." छत सगळंच पोकळ निघालं.

पोस्टमास्तरांना एकदा दया आली. "पुरे आता, शेठ. अशानं बाई घर पाडेल."

"पाडू दे की," शेठ म्हणाला. "माझं काय जातंय? माल खपतो, वर करमणूक."

इकडे थोरलीच्या घरी रोज काही ना काही येऊन पडत होतं. आधी आईची ट्रंक, मग भांडी, मग शिवणयंत्र.

"धूळ लागते गं सामानाला," धाकटी म्हणायची.

"तू दुरुस्ती करतेयस की घरच उचलून आणतेयस?" थोरली वैतागायची.

आणि एका सकाळी धाकटी दुकानात आली ती इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट विंचरून. बाकावरच्या दोघांनी सरकून तिला जागा केली.

"बोला ताईसाहेब, आज काय मोडलं?"

"आता मोडायला काही उरलं नाही, शेठ. घर सोडलं मी. भाड्याचंच होतं. थोरलीच्या गल्लीत दुसरी जागा मिळाली, न्हाणी कोरडी आहे. आईला आजच नेतेय."

शेठने मांडीवर थाप मारली. "भाड्याचं? आणि इतके दिवस बोलला नाहीत? अहो, म्हणजे मालक बसला बोंबलत."

"बसेल आता."

"त्या गाढवाचं तोंड बघायला पाहिजे. बिचारा दार उघडेल आणि..."

"दार नाहीये, शेठ."

बाक पुन्हा हलला. शेठला तर ठसकाच लागला. पाणी पिऊन म्हणाला, "पण तो सोडायचा नाही हं तुम्हाला. भरपाई मागेल."

"मागू दे. मी नवशिकी, मला काय कळतं? जाणत्या माणसानं सांगितलं तसं केलं. हे दोघं रोज ऐकत होतेच."

"शब्द न् शब्द," शिंपी हसत म्हणाला. पोस्टमास्तरांनीही मान डोलावली.

धाकटीने पर्समधून किल्ली काढली आणि गल्ल्यावर शेठच्या पुढ्यात ठेवली.

"दलाल म्हणत होता, माझ्याकडे द्या. म्हटलं, मालक रोज समोर बसलेला असताना मधे दलाल कशाला?"