हाडाची पट्टी

"बाबा, ही उलटी कुणी बसवली?"

जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून गिटार उताणी ठेवली होती. लेकीने सहाही तारा सैल करून, तारा जिच्यावर टेकतात ती बोटभर लांबीची हाडाची पट्टी खाचेतून उपसून काढली होती.

"उलटी? शक्यच नाही," बाबा म्हणाले. "माझ्याशिवाय हिला हात कोण लावतो?"

हे मात्र खरं होतं. बाबांच्या ताटातला घास कुणी उचलला असता तर एकवेळ चाललं असतं, पण गिटारला बोट लावायची कुणाची टाप नव्हती. या घरात राहायला आले तेव्हा सामानाची धूळ बसली म्हणून त्यांनी तिचा भाग न् भाग सुटा करून पुसला होता. ही पट्टीसुद्धा. चकचकीत केली आणि अंगठ्याने दाबून परत बसवली.

लेकीने पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. "हे बघा. एक टोक उंच, एक बुटकं. उंच टोक जाड तारांकडे हवं. तुम्ही ते बारीक तारांकडे केलंत. मग त्या उचलल्या जातात. बोटाने दाबल्या की नको तितक्या ताणल्या जातात आणि सूर चढतो. दांडीवर पुढच्या फ्रेटवर, पुढच्या घरात जाल तसा आणखी चढतो."

"चढतो कसा? मी रोज यंत्र लावून जुळवतो. यंत्र काय खोटं बोलतं?"

"तुम्ही मोकळ्या तारा जुळवता, बाबा. त्या बरोबरच लागतात. बोट ठेवलं की बिघडतं."

ओट्याशी आई पातेलं घासत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे गिटार वर जात होती?"

"हो."

"आणि गाणारा बरोबर असला तर?"

प्रश्नाचा रोख लेकीच्या लक्षात यायला क्षणभर लागला. "तर तो खाली उतरल्यासारखा वाटणार," ती हळूच म्हणाली.

बाबा एकदम खाली वाकून टॉवेलच्या सुरकुत्या काढू लागले.

"तुझा सूर उतरतो" हे वाक्य या घरात मिठासारखं रोजच्या वापरातलं होतं. मित्रमंडळी जमायची, आई गायला बसायची, आणि अंतऱ्याला सूर वर गेला रे गेला की बाबा गिटार थांबवायचे. डोळे मिटून मान हलवायचे. मग सगळ्यांकडे बघून म्हणायचे, "गळा गोड आहे हो हिचा, पण कानच नाही." मंडळी हसायची. आईही हसायची. पुढे पुढे ती चहा टाकायच्या निमित्ताने उठून जायला लागली, आणि मग गाणं सुटलंच. भांडी घासताना गुणगुणणंसुद्धा. स्वतःच्या बोटाखाली काय वाजतंय ते ज्या माणसाला इतकी वर्षं कळलं नाही, त्याने दुसऱ्याच्या कानाचा निवाडा केला, आणि सगळ्यांनी तो मानलाही!

लेकीने पट्टी फिरवून बसवली. तारा ताणल्या, जुळवल्या. फोनवर सूर दाखवणारा काटा सुरू करून बाराव्या फ्रेटवर बोट ठेवलं. काटा मधोमध उभा राहिला.

बाबांनी गिटार मांडीवर घेतली आणि छेडून पाहिली. खरंच गोड लागत होती. त्यांचा चेहरा खुलला.

"वा! मी म्हणत नव्हतो, वाद्य अस्सल आहे म्हणून? ये गं, गा आता. आता नाही उतरणार."

आई ओल्या हातांनी टेबलापाशी आली. "आता?"

"अगं, म्हणजे तुझी चूक नव्हतीच. गिटारचा दोष होता."

"गिटारने मला चारचौघांत कधी बेसूर म्हटलं नाही."

"झालं! राईचा पर्वत करू नकोस. मला काय माहीत होतं?"

"माहीत नव्हतं ना? मग एवढ्या खात्रीने कसं सांगत होतात?" तिच्या बोटांवरून साबणाचं पाणी टॉवेलवर गळत होतं. "एकदा तरी मनात आलं, की आपली गिटार तपासून बघावी? एकदा तरी?"

बाबांनी मांडीवरची गिटार सरळ केली. मग ते वाजवायला लागले. हळू हळू, समजूत काढल्यासारखं, त्यांनी ज्यात तिला सगळ्यात जास्त वेळा थांबवलं होतं तेच जुनं गाणं.

आईने पाठ फिरवली. पातेलं उचललं आणि घासणी अशी फिरवली की पाणी भिंतीपर्यंत उडालं. आणि ती गायला लागली. भलतंच गाणं, त्यांच्या वाजवण्याशी काही देणंघेणं नसलेलं. मोठ्याने, रागाने, खाली जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. अंतऱ्याला सूर वर गेला आणि तिथेच ठाम राहिला.

बाबांची बोटं सवयीने तारांवरून धावली, तिचा सूर शोधत.

लेकीने सहाही तारांवर तळहात टेकवला, आणि गाणं संपेपर्यंत उचलला नाही.