पाईप बाहेर, भिमाबाई आत

“आलं! आलं हो, बंद करा ते पाणी!” गाडीच्या आतून भिमाबाई ओरडल्या.

टपावर पाईप धरून उभ्या असलेल्या सावळीरामांनी कपाळावर हात मारला. “कुठं आलं?”

“रोज कुठं येतं? उशाशी, भिंतीवरून! आता उतरा खाली, कंबर मोडून घ्याल.”

झालं. पुन्हा तेच. महिनाभर हेच चाललं होतं. एसटीत तेहतीस वर्षं ड्रायव्हरकी करून सावळीराम रिटायर झाले आणि त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. सिन्नरच्या कारागिराकडून तिच्यात पलंग, ओटा, शेगडी असं सगळं बसवून घेतलं. बायकोला घेऊन सांची, सारनाथ करत बुद्धपौर्णिमेला बोधगयेला पोचायचं, एवढीच माणसाची इच्छा. तर इगतपुरीला ट्रायल घ्यायला गेले आणि अवकाळीनं गाठलं. सकाळी दोघांनी मिळून गादी पिळली.

गळती शोधायची रीत तशी सोपी. एकानं बाहेरून पाणी मारायचं, खालून सुरू करून हळूहळू टपाकडं जायचं. दुसऱ्यानं आत बसून राहायचं आणि थेंब दिसला की ओरडायचं. सावळीरामांना या वयातही टपावर चढायची हौस, म्हणून आत बसायचं काम भिमाबाईंच्या गळ्यात पडलं.

काचांचं रबर बदललं. तरी गळतंय. कॅरियर काढून त्याची भोकं बुजवली. तरी गळतंय. हवेसाठी टपावर बसवलेल्या झाकणाभोवती सिलिकॉनच्या चार नळ्या रिकाम्या केल्या. तरी गळतंयच! माणसानं करायचं तरी काय?

“काका, पाणी जिथं टपकतं तिथून ते शिरत नाही,” जमील म्हणाला. तो वडाळा नाक्यावरचा डेंटिंगवाला, या कामात मुरलेला. “शिरतं कुठून तरी भलतीकडूनच, मग पत्र्याच्या आतून चालत येतं. एकदम हरामी चीज आहे. वैतागून फायदा नाय.”

“वैतागू नको तर काय नाचू?”

त्यात मुलगी आली. साक्षी नर्स होती, आणि घरातही नर्सच असायची. तिनं गादीचा वास घेतला, नाक मुरडलं आणि थेट मुद्द्यावर आली. “पप्पा, दोन वर्षांपूर्वी आईला न्यूमोनिया झाला होता. या ओलीत तिला झोपवणार तुम्ही?”

“होतंय गं नीट.”

“महिनाभर होतंयच. हे बघा, रविवारी मी स्वतः येऊन बघते. कोरडी निघाली तर खुशाल जा. नाही निघाली तर निफाडच्या गोरक्षभाऊंना देऊन टाकायची. द्राक्षबागेत छाटणीचे मजूर न्यायला त्यांना गाडी हवीच आहे. कबूल?”

सावळीरामांनी कबूल केलं. एकदा शब्द दिला की हा माणूस तो फिरवत नाही, हे साक्षीला चांगलंच ठाऊक होतं.

“आई, तुला तरी जायचंय का?”

“मला कोण विचारतंय?” भिमाबाई पदरानं मान पुसत म्हणाल्या. “महिनाभर या डबड्यात कोंडून घेतलंय मला. द्या त्या गोरक्षला, सुटेन एकदाची.”

सावळीरामांना ते फार लागलं. कुणासाठी चाललं होतं हे सगळं? ते पाईप गुंडाळत बसले.

तो आठवडा जमीलनं दुसरं काम हातात घेतलं नाही. टपाच्या जोडावरचा रंग खरवडला, एक बारीक चीर सापडली, ती बुजवली. शनिवारी पाणी मारलं. “आलं!” आतून आवाज. जमीलनं हातातला ब्रश फेकून दिला. मग स्वतःच उचलून आणला आणि पन्हाळीच्या कडेनं अजून एक थर दिला.

रविवारी सकाळी गोरक्ष दारात हजर. गाडी न्यायला ड्रायव्हर सोबतच आणलेला. हा माणूस इतका वेळेवर कशाला आला, असं सावळीरामांना झालं. भिमाबाई गुडघ्यांवर हात ठेवत गाडीत चढल्या, दार लागलं आणि पाणी सुरू झालं.

पाच मिनिटं गेली. आतून आवाज नाही. दहा मिनिटं झाली.

“काय गं?” सावळीरामांनी टपावरून वाकून विचारलं.

“काही नाही.”

“नीट बघ!”

“बघतेय की! डोळे काय घरी ठेवून आलेय?”

अर्धा तास पाणी मारलं. शेवटी साक्षीनं दार सरकवलं. भिमाबाई पलंगावर उशाकडच्या भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. साक्षीनं गादीवरून हात फिरवला, छत चाचपलं, खाली वाकून कोपरे पाहिले. थेंब नव्हता.

“मानलं बाई,” ती हसली. “पप्पा, कोरडी आहे!”

टपावर सावळीराम मटकन बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. जमीलनं दोन्ही हात आभाळाकडं नेले.

“चल आई, उतर आता.”

“थांब गं, गुडघे धरलेत. आधी त्या गोरक्षला चहा देऊन वाटेला लाव. आणि पप्पांना खाली उतरव.”

साक्षी बापाला धरून घरात घेऊन गेली, मागोमाग गोरक्षही गेला. ते आत गेल्याची खात्री करून भिमाबाईंनी जमीलला खुणेनं बोलावलं.

“पौर्णिमेला अजून वीस दिवस आहेत,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या आणि मानेपासून कंबरेपर्यंत निथळणारी पाठ त्याच्याकडं वळवली. “तेवढ्यात बघ बाबा नीट शोधून.”