खंडेनवमीची डबी

फोनवरचा ठिपका हलत नव्हता. सायलीची बस एक वाजता शाळेतून निघते, सव्वाला सिरसाळ्याच्या चौकात दिसते. आज सव्वा होऊन गेला, तरी ठिपका रस्त्यापासून लांब, रानातल्या एका वस्तीवर लाल होऊन बसला होता.

धनश्रीने ड्रायव्हर बंकटला चार फोन लावले. त्याने एकही उचलला नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही अट जूनमध्ये तिनेच घातली होती. पण ठिपका तर उभा होता, आणि लेक पाच वर्षांची. तिने स्कूटी काढली.

वस्तीवर बस नव्हती. मातीत टायरच्या खुणा होत्या आणि त्यांच्यावर चार चिरडलेली लिंबं. फोन मात्र सांगत होता, बस इथंच आहे, समोरच्या पत्र्याच्या घरात.

घरातून एक म्हातारी बाहेर आली. बंकटची आई, भामाबाई.

“मावशी, बस कुठंय?”

“शाळेवर गेली की मगाशीच. कावून?”

धनश्रीने फोन पुढे केला. भामाबाईंनी तिला हाताला धरून आत नेलं. पाटावर कोयते, विळा, कुऱ्हाड मांडली होती, वर झेंडूच्या माळा. मधोमध हळदीकुंकवाने माखलेली, हिरवा दिवा लुकलुकवत, बसमधली जीपीएसची डबी.

“आज खंडेनवमी. हत्यार पुजायचं अन् दिसभर त्येला हात लावायचा न्हाई. गाडीला लिंबं दिली, पर ती थांबवता येत न्हाई, लेकरं आणायचीत. म्हणून बंकटला म्हणलं, ही तरी काढून ठिव. आत बॅटरी हाय म्हणं, सुटी काढली तरी चालूच बिचारी.” भामाबाईंनी धनश्रीच्या हातावर खोबरं-साखर ठेवली. “वरीसभर समद्या आया हिला ‘बस कुठंय’ इचारत्यात. एक दिस इसावा घिऊ द्या की. अन् तुमचं हत्यार कुठाय, बाई? तेच का हातातलं?”

धनश्रीने फोन घट्ट धरला. मग तिला हसू आलं, ते आवरेना. तिने तो डबीच्या शेजारी ठेवला. भामाबाईंनी त्यालाही कुंकू लावलं.

“उद्या दसऱ्याला न्या.”

ती घरी पोचली तेव्हा माळा घातलेली बस दारातच उभी होती. सासूबाई बंकटशी भांडत होत्या.

“आजीच्या हातात बी देत न्हाईस व्हय रं?”

“तुमच्या सुनबाईचाच हुकूम हाय, आजी. लेकरू फकस्त आईच्या हातात.” बंकट धनश्रीकडे वळला. “ताई, पाच फोन केले. उचलला न्हाई तुमी.”

बसच्या खिडकीतून सायलीने डोकं बाहेर काढलं. वेणीत झेंडू, कपाळाला आठ्या.

“आई, कवाची वाट बघतीय मी. तुझा ठिपका कुठं गेलता?”