मागून बसलेला फटका

"आता नुसत्या डाव्या पायावर. भिंत धरा, टाच उचला."

क्लिफ ब्लँचर्डने दात आवळले. टाच जमिनीवरून हलली नाही. डॉ. अडेयेमींनी तसं लिहून घेतलं.

टाचेमागची अकिलीस कंडरा तुटून पाच महिने झाले होते. आधी प्लास्टर, मग टाच उंच ठेवणारा बूट, मग व्यायाम. कंडरा जुळली, पण लांब होऊन. ग्रिम्सबीच्या मासळी बाजारात बर्फाची खोकी ओढायला ती पुरणार नव्हती. भरपाई मिळणार की नाही, ते या बाईंच्या अहवालावर होतं.

क्लिफने पुरावे सोबत आणले होते. त्या दिवशीचा डावा गमबूट आणि नेव्हिलची कबुली. नेव्हिल म्हणजे बाजारात बावीस वर्षं सोबत काम केलेला जोडीदार. टाचेवर मागून ट्रॉली घातलीस, असं क्लिफ म्हणाला, तेव्हा आधी तो म्हणत होता, "लेका, मी ट्रॉलीला हातही लावला नाही."

"मग काय, मेलेला मासा लाथ मारून गेला मला?" क्लिफ ओरडला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. क्लिफचा पगार थांबला, त्याच आठवड्यात नेव्हिलने मालकाला लिहून दिलं: ट्रॉली माझ्या हातून सुटली, क्लिफच्या टाचेवर आदळली. मालकाने त्याला कामावरून काढलं.

डॉक्टरांनी गमबुटाच्या टाचेवरून अंगठा फिरवला. "ट्रॉलीची कड लोखंडी ना? इथे ओरखडाही नाही. पहिल्या दिवशीच्या नोंदीतही कातडी शाबूत आहे."

"पण फटका बसला, डॉक्टर! मागून. कडकन आवाज आला."

"जोर लावताना कंडरा तुटली की अगदी तसंच वाटतं. सगळेच मागे वळून बघतात. मंगळवारी एक बाई आल्या होत्या. त्यांच्या मागे फ्रीज होता."

क्लिफने गमबूट परत स्वतःकडे ओढून घेतला.

"तुम्ही वळलात, तेव्हा नक्की काय दिसलं?"

त्याने गमबूट खाली ठेवला. "सांगितलं तर अहवालात जाईल?"

"जाईल."

"मग दावा टिकेल?"

"मला नाही वाटत."

क्लिफने नेव्हिलच्या कागदाची घडी घातली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"लिहा," तो म्हणाला. "नेव्हिल दहा हात लांब होता. दोन्ही हातांत चहाचे मग होते. त्यातला एक माझा."