चढाची सवय

विहिरीच्या दगडांवर पाण्याच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. पाणी जिथं बरेच दिवस थांबलं होतं तिथं रेघ जाड. जिथून भरभर उतरत गेलं तिथं केसासारखी बारीक. सगळ्यांत खालची तर जवळजवळ नव्हतीच. तिच्याखाली चिखलाची वाळलेली खपली होती, आणि खपलीवर गुरुपादप्पांचे नवे बूट.

काठावरच्या निंबाखाली सासऱ्यांची समाधी होती. तिच्या चौथऱ्याला टेकून उमादेवी नवऱ्याच्या बुटांकडे पाहत होत्या. एवढ्या वरून ते लहान मुलाचे वाटत होते.

केदारनाथला जायचं तर आधीपासून चढायची सवय करा, असं लेकीनं, शिवकांतानं, पुण्याहून फोनवर सांगितलं होतं. रोज जिने चढा, म्हणाली. घर एकमजली, आणि गावाच्या आसपास चढ असा कुठं नाही. तेव्हा गुरुपादप्पांना विहीर सुचली. यंदा ती तळापर्यंत आटली होती. वडिलांनी बांधून घेतलेल्या सगळ्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या.

"आणि पाणी भरपूर प्यायचं, अप्पा. उंचावर जायच्या आधी अंगात पाणी पाहिजे," असंही लेक म्हणाली होती. टँकर आठवड्यातून एकदा येतो, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर साथीच्या वर्षापासून कपाटात होतंच. ते काढा, असं कुणी कुणाला म्हणालं नाही.

शेजारच्या रानातला मारोती दोन रिकाम्या घागरी घेऊन काठावर येऊन वाकला.

"काय वो मालक, केदार खाली सरकला का काय?"

"सवय करायलोय," खालून आवाज आला. गुरुपादप्पांनी स्वेटर घातला होता आणि माकडटोपीही. वर ऊन असं होतं की चौथऱ्याला हात लाववत नव्हता.

"तुमी परत येईस्तोवर उदगीर जिल्हा होतंय बगा."

"जिल्हा झाला म्हंजे पाणी येतंय का?"

"कलेक्टर येतंय की. त्याला पाणी आपुनच द्यायचं."

गुरुपादप्पा हसले. हसताना त्यांना खोकला आला, आणि तो लवकर थांबला नाही. मग ते चढू लागले.

उमादेवींनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं. डोंगरात आधी चढ असतो. नाही जमलं तर माणूस माघारी फिरतो. विहिरीत आधी उतार. जमत नाही हे कळतं तेव्हा माणूस तळाशी असतो.

पहिल्या जाड रेघेशी ते थांबले. हात छातीवर गेला. उमादेवी उठून उभ्या राहिल्या. पण हात दुखण्यापायी गेला नव्हता. तो खिसा चाचपत होता.

गळ्यात त्यांचं स्वतःचं इष्टलिंग होतं. खिशात होतं ते मुलाचं, बसवंतचं. नोकरीला पुण्याला जाताना, तिकडं हरवेल म्हणून, त्यानं ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं. साथीच्या वर्षी तो तिकडच्या दवाखान्यातच गेला, आणि तिकडच्या लोकांनी इतरांबरोबर त्यालाही जाळलं. लिंगायतांत गेलेल्या माणसाचं लिंग त्याच्या तळहातावर ठेवतात आणि दोघांना मिळून माती देतात. बसवंतचं लिंग मागं राहिलं. आपल्या रानातच ठेवू या, असं उमादेवी एकदा म्हणाल्या होत्या. "माणूस न्हाई, अन् नुसत्या लिंगाला माती?" एवढंच बोलून गुरुपादप्पा उठून गेले. मग ते केदारला नेऊन देवापाशी ठेवायचं ठरलं, आणि दरवर्षी पुढच्या वर्षावर गेलं. यंदा शिवकांतानं तिकिटंच काढली. देवदर्शन होईल, चार दिवस थंड हवेत सुट्टी होईल, असं तिच्या मनात. रोज सकाळी उमादेवी दोन लिंगांऐवजी तीन लिंगांना भस्म लावत.

गुरुपादप्पा पायरीवर बसले.

उमादेवी तांब्या घेऊन खाली उतरल्या. गुरुपादप्पांनी एक घोट घेतला आणि तांब्या परत दिला.

"ठेव. संध्याकाळला होईल."

"प्या. शिवू म्हणलीय."

त्यांनी आणखी एक घोट घेतला. टोपी काढली. केस घामानं कपाळाला चिकटले होते.

"किती ऱ्हायलं?"

"अर्ध्याच्या वर."

"अन् तिथं?"

उमादेवींनी पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. गुरुपादप्पांच्या श्वासाचा आवाज दगडांवर आपटून परत येत होता, जणू आणखी कुणी तरी पलीकडच्या पायरीवर बसून दम घेत होतं.

"येऊ का खाली, मालक?" मारोतीनं विचारलं. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

गुरुपादप्पांनी हातानंच नको म्हटलं. बराच वेळ ते समोरच्या रेघांकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून लिंग काढलं, उमादेवींचा हात ओढून त्यांच्या तळहातावर ठेवलं, आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली. लिंग घामानं ओलं आणि अंगाइतकं गरम होतं.

"मारोती," त्यांनी वर तोंड करून हाक मारली. "कुदळ हाय का रं जवळ?"

"आणतो की. कशाला?"

"निंबाखाली खड्डा घ्यायचाय. समाधीला लागून."

वर घागरी दगडावर टेकल्याचा आवाज आला. गुरुपादप्पांनी श्वास घेतला, आणि तो पुरला नाही म्हणून पुन्हा घेतला.

"लहानच," ते म्हणाले.