खिळलेली नजर

म्हातारा कोळी वार्सितो, ज्याला बेटावर सगळे मानाने 'पाक' म्हणत, पहाटेपासून गरगरतंय म्हणत होता, त्याला उभंही राहवेना. बायकोने तेल लावून नाण्याच्या कडेने त्याची पाठ घासली, लालभडक पट्टे उठवले आणि मगच त्याला बेटावरच्या दवाखान्यात आणलं.

"रात्रभर उघड्या अंगाने होडीत बसतात. अंगात वारा शिरणार नाही तर काय," ती डॉक्टर सेकारला म्हणाली.

"हिने पाठ सोलली तेव्हा वारा घाबरून पळाला," वार्सितो डोळे मिटूनच पुटपुटला. "भोवळ तेवढी मुक्कामाला राहिली."

समुद्र खवळल्याने शहराची बोट बंद होती आणि मेंदूचा फोटो काढायचं यंत्र शहरातच होतं. सेकारच्या हातात एकच तपासणी उरली. तिने म्हाताऱ्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"पाक, डोळे उघडा. काही झालं तरी माझ्या नाकाकडेच बघत राहा."

तिने डोकं झटकन एका बाजूला वळवलं, मग दुसऱ्या. नजर नाकावरून तसूभरही घसरली नाही.

"बघितलंत? खिळा ठोकल्यासारखी नजर आहे," बायको हसली. "म्हणजे पास झाले ना, डॉक्टरबाई?"

सेकारने ते डोकं पुन्हा वळवलं. मग आणखी एकदा.

 

घसर, एकदा तरी घसर, असं ती मनात विनवत होती. भोवळ कानाच्या बिघाडाने आली असती तर नजर घसरली असती, मेंदूच्या झटक्याने आली की ती अशीच खिळून राहते.